चौघांतला कामचोर

ज्या चंद्रपुरात २९२० मेगावॅट क्षमतेचं महाऔष्णिक केंद्र आहे, तिथेच राहणाऱ्या माझ्या पद्मिनीला एका ठिणगीपुरती वीज मिळू नये, याला काय म्हणावं? राज्यभरचे पंखे गरगरताहेत आणि आमच्या एका सिलिंडरला तेवढं लोडशेडिंग!

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या ताफ्यातून ती २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमच्याकडे मात्र वडिलांच्या काळापासून सेवेत आहे. मुदतवाढ आम्हीच देत असतो. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. चौघांनी १-३-४-२ अशा क्रमाने पेटायचं, ही कुर्ल्याच्या कारखान्याने घालून दिलेली शिस्त. गाडी नुसती उभी असली तरी इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्या घेतं. म्हणजे सोळाशे ठिणग्या. त्यातल्या चारशे एकट्याने बुडवल्या, की गाडी मिसिंग मारते.

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून फुटून वेगळा जिल्हा झाला, पण सोयरिकींची वाटणी काही अजून झालेली नाही. त्यामुळे मे महिना आला की मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडावीच लागते. या खेपेला लोहाऱ्याच्या पुढे जरासा चढ लागताच गाडीने आचके दिले आणि चिचपल्लीपर्यंत ती उभ्या जागी थरथरायला लागली. चहाच्या टपरीसमोर बॉनेट उघडलं. आमच्या भागात उघडं बॉनेट ही ग्रामसभेची नोटीस असते.

"पेट्रोलात पाणी हाय," ट्रॅक्टरवाला म्हणाला. रेतीच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "कार्बोरेटरमंधी कचरा." एका निवृत्त गुरुजींनी उन्हाला दोष दिला. त्यात तथ्य होतं. उन्हाळ्यात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, ती पंपाला ओढता येत नाही आणि गाडी गुदमरते. उपाय म्हणून पंपावर ओलं फडकं ठेवायचं. ठेवलं. चंद्रपूरच्या मे महिन्याने ते इतक्या तत्परतेने वाळवलं, की सौ.ने लगे हात मुलाचा रुमालही तिथे टाकला. गाडीचं थरथरणं चालूच. मग कार्बोरेटरचा जेट काढून फुंकला गेला. प्रत्येकाने फुंकला, कारण आधीच्याच्या फुंकरीवर पुढच्याचा विश्वास नव्हता.

शेवटी कोणीतरी गावातल्या मिस्त्रीला मोटरसायकलवर बसवून आणलं. त्याने कुणाला काही विचारलं नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कान दिला आणि रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून उपटायला लागला. पहिली काढली, इंजिन कण्हलं. परत लावली. दुसरी काढली; पुन्हा कण्हलं. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. "हा पाहा," तो म्हणाला, "हा काढला तरी कोणाले फरक नाई पडत. म्हणजे हाच काम नाई करून राह्यला."

काय ही कसोटी! लग्नाच्या मांडवात ती लावली तर? आचारी काढा, हाहाकार होईल. नवरीची मावशी काढा, रुखवत कोसळेल. आणि खुर्ची टाकून "काही हवं-नको सांगा हो" म्हणणारे जे आम्ही चार-सहा जण असतो, त्यांना काढून पाहा. सनईचा सूरसुद्धा हलणार नाही.

मिस्त्रीने तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. तरीही आजारी तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष सुटला. "वायर करंट खाऊन राह्यली. अंधार करा."

एव्हाना सांज मावळली होती. कॉइल बाराच व्होल्टची वीस हजारांच्या घरात नेते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला, की ठिणगीला उडी मारायला जास्तच जोर लागतो. अशा वेळी वायरीचं कवच कुठे फाटलेलं असलं, तर वीज कष्टाची उडी टाळून जवळच्या लोखंडात पळ काढते. ही चोरी काळोखातच दिसते. पण काळोख करणार कोण? टपरीवाल्याने नुकतंच सांगितलं होतं, की वाघ रात्री याच वाटेने पाण्यावर जातो. पलीकडे ताडोबात वाघ दिसावा म्हणून माणसं जिप्सीचे पैसे भरतात. इकडे तो फुकट दिसू नये म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलचा दिवा झुडपांकडे रोखलेला.

"बंद करा ना भाऊ," मिस्त्री वैतागला. "वाघ का पेट्रोल पेते?"

दिवे नाइलाजाने विझले. तिसऱ्या वायरीवरून इंजिनाच्या अंगावर निळी रेघ टकटक उडत होती. तिथे उंदराचे दात उमटले होते. म्हणजे गावठी उंदराने गाडी बंद पाडली होती आणि सगळे घाबरत होते वाघाला.

मिस्त्रीने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वायर लोखंडापासून दूर बांधली. पण तोवर वारंवार स्टार्टर मारून बॅटरीने मान टाकली होती. धक्का द्यायचा ठरला. गुरुजी, ट्रॅक्टरवाला, ट्रकवाला, सौ. आणि मी डिकीला भिडलो, मिस्त्री स्टिअरिंगवर. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती, पण सुरू होईना.

सौ.ने माझ्याकडे एकवार नीट पाहिलं.

"अहो, तुम्ही जरा हात काढून बघा बरं."

मी हात काढला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. उलट ती सुरू झाली.