सोळावर ए.सी., अकराला फेरी

दिल्ली-एनसीआरमध्ये कुत्रा पाळायचा तर हस्कीच पाळावा. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडवलेलं, दुहेरी लोकरीचं जनावर मे महिन्यातल्या ४५ अंशांत नोएडाच्या अठराव्या मजल्यावर ठेवण्यात जी शान आहे, ती साध्या गावठी कुत्र्यात कुठून येणार? त्याच्यासाठी ए.सी. सोळावर असतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार ठेवतो. साहेब म्हणतात, "बघा, हसतोय!" आणि फोटो काढतात.

फिरवायला भैया येतो. त्याच्याकडे आधीच्या टॉवरमधले चार असल्यानं आपला नंबर सकाळी अकराला. तोवर डांबर तापलेलं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी, आपल्याला सोसलं नाही तर पंजालाही सोसत नाही. ही चाचणी फुकट असल्यानं सोसायटीत तिला मान नाही. शी उचलायच्या पिशव्या मात्र इंपोर्टेड आहेत. हाडाच्या आकाराच्या डबीत त्या घरी सुरक्षित असतात. शी शेजाऱ्याच्या गाडीमागे.

नोएडात पाळीव कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. तो चावला तर मालकाला १०,००० रुपये दंड, वर उपचारांचा खर्च, असं धोरण २०२२ मध्येच ठरलं. साहेबांनी कुत्र्याच्या वंशावळीचं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. रेबीजच्या लशीचं कार्ड? असेल कुठंतरी.

याच इंद्रप्रस्थाच्या राजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला होता. त्याला फक्त इंद्राशी वाद घालायचा होता, लिफ्टच्या दारात सोसायटीच्या सेक्रेटरीशी नव्हे.

भटक्यांच्या बाबतीत मात्र सगळे कायदेपंडित. ११ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टानं एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, तेव्हा निम्मी सोसायटी पेढे घेऊन निघाली, निम्मी मेणबत्त्या. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं: नसबंदी, लस, जंतांचं औषध देऊन उचलली तिथंच सोडा, पिसाळलेली नि आक्रमक सोडून, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. पेढे-मेणबत्त्यांची अदलाबदल झाली. जागा कुठली, यावर मात्र एकमत आहे: पलीकडच्या टॉवरखाली.

गेटवर काळू असतो. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. वॉचमनच्या अर्ध्या पोळीवर जगतो आणि भर उन्हात केबिनच्या सावलीतून हलत नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

परवा हस्की चावला, भैयालाच. साहेबांनी जखमेवर हळद दाबली आणि पाचशेची नोट दिली. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धू आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घे, हे त्याला वॉचमननं सांगितलं. रविवारी तातडीची बैठक आहे. विषय एकच: काळूचं काय करायचं?