बॉनेटतात्या

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल्फचा खुर्र-खुर्र आवाज दोन-तीनदा झाला आणि त्यापाठोपाठ बॉनेटचा खटका वाजला, की तिथे एक माणूस उगवतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात चहाचा कप, आणि चेहऱ्यावर 'हे होणारच होतं' असा भाव. हा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. आमच्या नाशिकच्या सोसायटीत त्याला बॉनेटतात्या म्हणतात. खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असेल, पण ते वाचायची गरज अजून कुणाला पडलेली नाही.

तात्यांची खासियत अशी, की ते रोग्याला बघायच्या आधीच औषध सांगतात. गाडी कुठली, किती वर्षांची, काल चालली होती का, असले फालतू प्रश्न ते विचारत नाहीत. लिफ्टमधून बाहेर पडता पडताच त्यांचं निदान झालेलं असतं. खाली येऊन ते फक्त जाहीर करायचं असतं.

या निदानांचे सरळ कालखंड पाडता येतात. पहिला प्रीमियर पद्मिनीचा. त्या काळात तात्यांकडे तीनच उत्तरं होती: प्लग काढून घासा, चोक ओढा, नाहीतर हँडल मारा. हा तात्यांचा सुवर्णकाळ. कसारा घाटात पेट्रोलची वाफ होऊन बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं ठेवून ती त्यांनी चालू केली होती, आणि ही गोष्ट ते अजून अशी सांगतात, की ऐकणाऱ्यालाही घाम फुटावा. दुसरा कालखंड मारुती ८०० चा. त्यात कुठल्याही दुखण्याचं मूळ एकच, ते म्हणजे 'कार्बोरेटरमध्ये कचरा.' जेट काढा, फुंकर मारा, परत बसवा. निम्म्या वेळा गाडी चालू व्हायची. उरलेल्या निम्म्या वेळांची तात्यांना आठवण नाही.

मग घात झाला. १९९८ साली सँट्रो आली ती एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, घेऊनच. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नव्या गाड्यांच्या धुरावर सर्वोच्च न्यायालयानं बंधनं आणली आणि २००० पासून देशभर नियम कडक होत गेले. कार्बोरेटर हळूहळू नाहीसा झाला. चोकची मूठ गेली, फुंकर मारायला जेट उरलं नाही, आणि ज्यावर ओलं फडकं ठेवायचं तो पंपच पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला. दुसरा कुणी असता तर खचला असता. तात्यांनी उत्तरं तीच ठेवून शब्द तेवढे बदलले. पूर्वी 'कचरा' म्हणायचे तिथे 'पंप' म्हणू लागले. पंप बदलूनही गाडी चालू झाली नाही, तर 'ईसीएम' म्हणत. ईसीएम म्हणजे काय ते कुणाला विचारता येत नसे, कारण ते विचारताना आपलंच अज्ञान उघडं पडायचं.

एक सवय मात्र तात्यांच्या पायातून गेली नाही. सेल्फ मारणाऱ्याला ते आजही ओरडून सांगतात, "पॅडल मारा, पॅडल! दोन-तीनदा!" कार्बोरेटरच्या गाडीत त्याला अर्थ होता. पॅडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी आत जायची. इंजेक्शनच्या गाडीत पॅडलनं फक्त हवेची झडप उघडते. पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सरांचं ऐकून कॉम्प्युटर ठरवतो. त्यातून गाडी हट्टाला पेटली की तात्यांचा पुढचा हुकूम सुटतो, "पूर्ण दाबून धरा, आणि मारा सेल्फ!" बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पॅडल तळाला टेकवून सेल्फ मारला, तर कॉम्प्युटर समजतो की आत पेट्रोल जास्त झालंय, आणि इंजेक्टर बंद ठेवतो. म्हणजे तात्या जीव तोडून पेट्रोल मागतात आणि गाडी आज्ञाधारकपणे ते तोडते.

गेल्या डिसेंबरात निफाडचा पारा रोज पेपरात झळकत होता, त्या दिवसांतली गोष्ट. तळमजल्यावरच्या प्राध्यापकांची २००३ सालची सेडान सकाळी घेईना. गाडी जुनी, पण सरांचा जीव तिच्यावर. आरटीओत दोनदा नोंदणी वाढवून घेतलेली, पर्यावरण कर वेळेवर भरलेला. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन एखादा ठसका द्यायचं आणि गप्प. सातला कॉलेज. सर घामाघूम, तेही नऊ डिग्रीत.

तात्या आले. पाच मिनिटांत त्यांनी बॅटरी, प्लग, पंप, भेसळीचं पेट्रोल आणि उंदरानं कुरतडलेली वायर अशी पाच निदानं केली, प्रत्येकाला पुतण्याच्या गाडीचा दाखला देऊन. पुतण्याला अशी किती दुखणी असलेली गाडी कुणी विकली, हा प्रश्न उपस्थितांपैकी कुणी विचारला नाही. मग स्कूटरच्या किल्लीनं बॅटरीचे टर्मिनल खरवडून झाले. वॉचमन आणि दूधवाला यांच्याकरवी गाडी गेटपर्यंत ढकलून झाली. तात्या स्वतः ढकलत नाहीत, ते बाजूनं चालत 'हं, आता सोडा क्लच' म्हणतात. गाडी गेटपर्यंत जाऊन तिथेच थांबली आणि दोन बिऱ्हाडांच्या रिक्षा अडकल्या.

शेवटी सरांनी द्वारकेकडच्या गॅरेजातल्या पोराला फोन केला. विशीतला पोरगा, कानात वायर, हातात पोटलीएवढी पिशवी. त्यानं बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, गार असताना त्रास देते का गरम असताना?"

"सकाळीच फक्त. एकदा चालू झाली की दुपारी एका सेल्फात घेते."

"अरे पोरा, पंप आहे पंप," तात्या म्हणाले.

"काका, मागच्या सीटला जरा कान लावा."

तात्यांनी टोपी वर सरकवून कान लावला. पोरानं चावी नुसती ऑन केली. सीटखालून दोनेक सेकंद घूं असा आवाज आला आणि थांबला.

"पंप बोलला ना? प्रेशर भरतोय. दुपारी एका सेल्फात घेते म्हणजे प्लग, कॉइलवर संशय नंतर. सेल्फ जोरात फिरतोय, तेव्हा बॅटरीला कशाला बोल लावायचा?"

मग त्यानं थर्मोस्टॅटजवळच्या एका छोट्या सेन्सरचं सॉकेट काढलं आणि मल्टिमीटरच्या दोन सुया लावल्या. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते कॉम्प्युटरला कळवणं हे त्या सेन्सरचं काम. पाणी गार असेल तेवढा त्याचा रोध जास्त. नाशिकच्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत तो साडेतीन-चार हजार ओहमच्या घरात हवा. मीटर दाखवत होता तीनशेच्या आसपास, म्हणजे इंजिन ऐंशी डिग्रीला तापल्यावर दाखवायचा तो आकडा.

"याला वाटतंय इंजिन कडक तापलंय," पोरगा म्हणाला. "मग कॉम्प्युटर कशाला जास्त पेट्रोल सोडेल? गार इंजिनाला सकाळी जास्त पेट्रोल लागतं, तेच मिळत नाही."

सगळे कुडकुडत असताना ऐंशी डिग्री असल्याचं छातीठोक सांगणारा तो सेन्सर तात्यांचा सख्खा भाऊ शोभला असता. पिशवीतून नवा निघाला, बसला, आणि गाडीनं पहिल्या सेल्फात घेतलं.

"सेन्सर. मी म्हणालोच होतो," तात्या म्हणाले. कुणी वाद घातला नाही. सकाळपासून ते इतकं काही म्हणाले होते, की त्यात सेन्सरही बसला असेल.

पण त्या दिवशी तात्यांनी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा केली. त्यांनी पोराला प्रश्न विचारला. "आणि गरम असताना घेत नसली तर?" पोरानं हत्यारं भरता भरता सांगून टाकलं: घाट चढून आलात, अर्धा तास चहाला थांबलात आणि निघताना गाडी कुरकुरली, तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करायची आणि मग सेल्फ मारायचा. लगेच घेतली तर लाईनमधलं प्रेशर उतरतंय, म्हणजे पंपाचा वाल्व नाहीतर गळका इंजेक्टर. तरीही नाही घेतली आणि गार झाल्यावर आपोआप घेतली, तर क्रँक सेन्सर तपासायचा. तात्या ऐकत होते. घाट आणि चहा हे दोन शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

तेव्हापासून तात्या औषध आधी सांगत नाहीत. आधी विचारतात, "गार असताना की गरम असताना?" आम्हाला वाटलं, माणूस सुधारला. पण तात्यांना किल्ली सापडली होती, आता ते कुलूप शोधत फिरू लागले. अ‍ॅक्टिव्हा बंद पडली, गार की गरम? वरच्या वहिनींचा मिक्सर बसला, गार की गरम? कुणाचं लग्न मोडलं, तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं, पण काकूंनी डोळे वटारले.

मे महिन्यातल्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला. सारखी बंद पडते, कंपनीचा माणूस येऊन चालू करून जातो, कारण सापडत नाही. सेक्रेटरी वैतागले होते. मागून आवाज आला, "गार असताना बंद पडते की गरम असताना?" सगळे हसले. सेक्रेटरी हसता हसता थांबले आणि रजिस्टर चाळू लागले. प्रत्येक तक्रार दुपारी बारा ते चारमधली होती. लिफ्टचा कंट्रोलर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आणि वर नाशिकचं मे महिन्याचं ऊन.

सभागृहात शांतता पसरली. तात्यांना टाळी मिळायची बाकी होती. ते सावकाश उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मग सोपं आहे. कंट्रोलरवर ओलं फडकं ठेवा."

इतिवृत्तात सेक्रेटरींनी 'पत्र्याच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवावा असे ठरले' एवढंच लिहिलं. सूचक म्हणून नाव मात्र तात्यांचंच घातलं, आणि इतिवृत्त म्हणजे पावती नसूनही तात्यांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली.