इथला सातबारा

ईस्टन, पेनसिल्व्हेनिया



घर घेतल्याचं फोनवर सांगितलं, तर आनंद राहिला बाजूला, तुम्ही विचारलंत, "सातबारा कोणाच्या नावावर?" बाबा, इथे सातबारा नसतो. पण मुलगा तुमचाच, म्हणून मागचे फेरफार शोधत गेलो आणि १७३७ सालात जाऊन अडकलो.

ही जमीन लेनापे लोकांची. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन त्यांच्याशी बरा वागला म्हणतात. पोरांनी मात्र बापाच्या वेळचा, १६८६ चा म्हणून एक कागद काढला: दीड दिवसात माणूस चालेल तितकी जमीन पेनची. लेनाप्यांना वाटलं, माणूस चालेल, बसेल, चिलीम ओढेल. आपण अंकिसाला निघालो की दर ओळखीच्या दारात थांबतो, तसं.

पेनवाल्यांनी आधीच जंगलातून वाट साफ करून ठेवली आणि तीन पट्टीचे चालणारे आणले. १९ सप्टेंबरला पहाटे पठ्ठे निघाले ते जवळजवळ पळतच. एक त्याच दिवशी गळाला, दुसरा दुसऱ्या दिवशी. एडवर्ड मार्शल तेवढा साठ-पासष्ट मैल गेला. सोबतचे लेनापे चिडून मधूनच परतले. खरी मेख तर पुढेच. तिथून डेलावेअर नदीपर्यंतची रेघ जवळून न नेता काटकोनात वर वळवली. झाले सुमारे १२ लाख एकर! आपला शेजारी वर्षाला वीतभर धुरा सरकवतो. त्याला आता संतच म्हणा.

हे ऐकून ही म्हणाली, "मग आपलं घर कोणाच्या जागेत?" हप्ते अजून ३० वर्षं आहेत, म्हणून मी विषय बदलला.

लेनापे आता बरेचसे ओक्लाहोमात नि कॅनडात. त्यांच्या नदीला नाव डेलावेअर. ज्या लॉर्डाचं ते नाव, त्यानं ती कधी पाहिलीही नाही. आपल्याकडे तर जमीन घ्यायला एवढीही धावपळ झाली नाही. १८६० मध्ये निजामानं सिरोंचा इंग्रजांना दिला, तेव्हा माडिया आदिवासींच्या जंगलात चालायची गरजच पडली नाही. सही पुरली.

गाव मात्र ओळखीचं वाटतं. डेलावेअर-लीहायचा संगम घरापासून जवळ आहे, प्राणहिता-गोदावरीसारखा. फक्त पुष्कर भरत नाही.

धुऱ्याची मोजणी लागलीय म्हणे. स्वतः हजर राहा. मोजणीवाल्याला चहा द्या, पण आधी त्याच्या पायात बूट कसले आहेत ते बघा.

तुमचा,
धाकटा