पायलटची शिकवणी

पाम पायलट हा शर्टाच्या खिशात मावणारा डिजिटल टिपणवहीचा अवतार अमेरिकेत १९९६ साली बाजारात आला. त्याचा जनक जेफ हॉकिन्स. यंत्र तयार होण्याआधी तो त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत असे आणि कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर टकटक करी. त्या ठोकळ्याचे सेल कधी उतरले नाहीत, त्यातली नोंदही कधी पुसली गेली नाही. भरवशाच्या बाबतीत पुढचे एकही मॉडेल त्याच्या जवळपास पोहोचले नाही.

१९९३ च्या ॲपल न्यूटनने माणसाचे हस्ताक्षर वाचण्याचा विडा उचलला होता आणि त्याने जे वाचले त्यावर वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे निघाली. पायलटने यातून धडा घेतला आणि सगळी मेहनत माणसावर ढकलली. ग्राफिटी नावाची एक लिपी ठरली आणि ती गिरवायचे काम मालकाकडे आले. प्रत्येक अक्षर एका फटक्यात, पेन न उचलता. 'ए' म्हणजे आडव्या दांडीविना नुसते कौलारू छप्पर. 'टी' म्हणजे आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकाला खाली वळण. पूर्णविराम हवा तर टिंब दोनदा. पहिले टिंब 'आता विरामचिन्ह येत आहे' एवढी वर्दी देण्यापुरते. 'व्ही'च्या शेवटी छोटी शेपटी काढली नाही तर त्याचा 'यू' होई आणि व्हिक्टर नावाच्या गृहस्थाचा पत्ता 'यू'च्या कप्प्यात जाऊन बसे, जिथे त्याला शोधायला कोणी जात नसे. लिहिण्याच्या चौकटीत डावीकडे अक्षरे, उजवीकडे आकडे. घाईत फोन नंबर डावीकडे लिहिला की एकाचा 'आय', पाचाचा 'एस' आणि शून्याचा 'ओ' होई. सतत घासून ती चौकट ओरखडे धरी, म्हणून जाणकार तिच्यावर चिकटपट्टी लावत.

आत दोन बारीक पेन्सिल सेल. ते काही आठवडे चालत, आणि तेवढ्यात त्यांचा विसर पडे. सेल पुरते संपले की पत्ते, भेटी, याद्या सगळे साफ. कारण स्मृती विजेवरच जगत असे. सेल बदलायला सुमारे मिनिटभराची सवलत होती. झाकण उघडा, अधिक-उणे बघा, नव्या सेलचे न फाटणारे पाकीट दातांनी फाडा. पाकीट आधी फोडून ठेवायची अक्कल पहिल्या खेपेनंतरच येई. यंत्र थिजले तर मागच्या बारीक भोकात काहीतरी टोचावे लागे. सोबतचे पेन त्यात जात नसे. कागदांना लावायची क्लिप सरळ करून घालावी लागे. म्हणजे कागदाला रजा देणाऱ्या यंत्राच्या मालकाला कागदाची क्लिप मात्र खिशात बाळगावी लागे.

नोंदी पुसल्या जाण्यावर उतारा होता हॉटसिंक. यंत्र क्रेडल नावाच्या, संगणकाला तारेने जोडलेल्या बैठकीत उभे करायचे, एक बटण दाबायचे, की सगळ्या नोंदींची प्रत संगणकावर. बटण एकच होते हे खरे, पण ते चालावे म्हणून संगणकाचा सीरियल पोर्ट मोकळा असावा लागे आणि त्यावर इतर उपकरणेही हक्क सांगत. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली, तर खरी कोणती हा निवाडा करण्याच्या भानगडीत न पडता हॉटसिंक दोन्ही ठेवी. दंतवैद्याची भेट मग पावणेदहालाही असे आणि सव्वादहालाही.

एवढे असूनही पायलट धडाक्याने खपला. लोकांनी ग्राफिटी मन लावून शिकली. काहींचा हात तर कागदावरही तशीच अक्षरे काढू लागला. मात्र एकफटकी अक्षरांच्या कल्पनेचे पेटंट आपले आहे, असे म्हणत झेरॉक्स कंपनीने १९९७ मध्ये दावा लावला. तो लांबला आणि २००३ मध्ये पाम कंपनीने ग्राफिटी २ ही नवी लिपी आणली. तिच्यात 'टी'ला पुन्हा वेगळी आडवी रेघ आली, अगदी शाळेत शिकवतात तशी. ती न काढण्याची सवय लावून घ्यायला ज्यांनी कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या, ते पुन्हा गिरवायला बसले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने झेरॉक्सचे ते पेटंट अवैध ठरवले.