शून्याचं तिकीट

"ऐकलंस का? आक्का आज परत गेली!"

शेजारच्या काकींच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि त्याला एक भगदाड. ते कुणी बुजवत नाही, कारण वाटीभर साखर आणि गावभरच्या बातम्या तिथूनच ये-जा करतात. मी पिळलेलं धोतर तसंच खांद्यावर टाकून भगदाडापाशी गेले.

"कुठं गेल्या?"

"तालुक्याला. गुडघ्याचं औषध आणायला म्हणे. बाजाराच्या दिवशीच बरा दुखतो हिचा गुडघा!"

आक्कांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीनं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर प्रवास फुकट केला, आणि सुनेकडं भाड्याचे पैसे मागायची त्यांची पाळी संपली. काकींच्या मते गुडघा दुखायला लागला तो तेव्हापासूनच. आधार कार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून चंचीत असतं. ते दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. ही तिकिटं आक्का टाकत नाहीत, पंचांगात घालून ठेवतात. पंचांग फुगलंय.

"औषध कसलं! मी मागल्या खेपेला बघितलं की," काकींनी आवाज खाली घेतला. "स्टँडच्या बाकावर चौघी जणी. मध्ये कागदावर भजी. एक तर हिच्या माहेरची. हसत होत्या अशा, की मला वाटलं एखादीला ठसका लागतोय."

"मग बरंच की."

"बरं काय? ह्या वयात घरात नातवंडं बघायची, माळ ओढायची."

आता मलाही राहवेना. म्हटलं, "पारावर बाप्ये दिवसभर बसतात, त्यांना कुणी विचारतं का कुठं दुखतंय म्हणून? बाईला मात्र उंबरा ओलांडायला देव नाहीतर दुखणं लागतं. आक्कांनी दुखणं निवडलं, एवढंच."

काकी मेंदीची पानं खुडत राहिल्या. मग मी त्यांना मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याची गोष्ट सांगितली. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या पाटी-पेन्सिल घेऊन जायला लागल्या. अंगठा उठवायच्या त्या सही करायला शिकल्या. गणवेश म्हणून सगळ्यांना एकसारखं गुलाबी लुगडं.

"गुलाबी?" काकी थबकल्या. पाटीचं त्यांना काहीच वाटलं नाही. "विधवांना पण?"

"सगळ्यांना."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या अंगावर राखाडी आणि बदामी याखेरीज रंग मी पाहिलेला नाही. त्यांना कुणी बंदी घातली नव्हती, पण कुणी आग्रहही केला नव्हता. यात मीही आलेच.

"तू माझं आधार कार्ड बघून सांगशील? साल काय टाकलंय मास्तरनं?"

आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेनं १ जूनचा. मी बोटं मोजली. "पंचाहत्तरीला अजून दोन वर्षं आहेत, काकी."

"दोन?" तोंड पडलं.

"पण १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. वयाचं काही विचारत नाहीत."

"असं? मला वाटतं, ही कंबर पण दाखवून आणावी एकदा," काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आक्काला सांगू नकोस हं."

गुरुवारची गाडी सव्वानऊला फाट्यावर येते.