कोळी, टक्का आणि माझदा

कोळ्याला पेट्रोलचा वास आवडतो, हे जगाला २०११ साली कळलं. सगळ्या कोळ्यांना नव्हे. फिकट पिवळ्या अंगाचा, नखाएवढा एक प्रकार आहे, त्याला. त्या वर्षी माझदा या जपानी मोटार कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या ६५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण असं की पेट्रोलची टाकी ज्या नळीतून श्वास घेते, त्या नळीत हा जीव शिरून निवांतपणे जाळं विणत होता. नळी तुंबली की टाकीतला दाब घटतो, टाकी आतल्या आत ओढली जाते, तिला चीर पडू शकते; आणि चीर गेलेल्या पेट्रोलच्या टाकीचं पुढे काय होतं हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जाळी सापडली होती वीसेक गाड्यांत. कंपनीने शहाणपणाने नळीच्या तोंडाशी एक स्प्रिंग बसवून दिली, कोळ्याने मागे फिरावं म्हणून. २०१४ मध्ये पुन्हा ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. स्प्रिंगमधून वाट काढणं कोळ्याला अवघड नव्हतं. मग कंपनीने त्याला अडवण्याचा नाद सोडला आणि गाडीच्या संगणकातला प्रोग्रॅमच असा बदलला की नळी तुंबली तरी टाकीवर ताण येऊ नये. कोळी येणार, हे एका मोटार कंपनीने लेखी मान्य केल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

ते पत्र ज्यांच्या घरी पोचलं असेल त्यांच्याबद्दल मला फार कुतूहल आहे. कर्ज काढून घेतलेली गाडी. रविवारी सकाळी पुसूनबिसून दारात उभी केलेली. आणि पोस्टातून आलेला कागद सांगतो की गाडीत तुमच्याखेरीज आणखी कुणी राहत असण्याची शक्यता आहे. माणूस आवाजाची तक्रार करतो, धुराची करतो, ॲव्हरेजची तर जन्मभर करतो. कोळ्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची?

आपल्याकडे माझदा म्हटलं की मोटार डोळ्यांपुढे येत नाही, येते ती स्वराज माझदा. ऐंशीच्या दशकात चार जपानी कंपन्या आपल्याकडे छोटे ट्रक आणि मिनीबस घेऊन उतरल्या आणि प्रत्येकीने इथल्या कुणाचा तरी हात धरला: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि पंजाबातली स्वराज माझदा. शाळेच्या सहली, कारखान्याच्या पाळ्या, लग्नाची वऱ्हाडं या गाड्यांनी वाहिली. खिडकीशी बसायला मिळालं की स्वर्ग, मग दिवेआगर असो की देहू. ‘माझदा’ हे जपानी नाव आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि गंमत म्हणजे ते धड जपानी नाहीही. संस्थापकाचं आडनाव मात्सुदा, आणि त्याला जोड दिली ती अहुर माझदाची, ज्याच्यापुढे मुंबई-पुण्याच्या अग्याऱ्यांतून अग्नी तेवत असतो त्या ज्ञानदेवतेची. हिरोशिमाच्या कारखान्याला इराणचा देव आणि त्याच्या ट्रकला पंजाबचं स्वराज्य. एवढी सरमिसळ अंगात असलेली गाडी सरळ चालली, हेच विशेष.

जुजिरो मात्सुदा हा मच्छीमाराचा बारावा मुलगा. पोरवयात लोहाराच्या हाताखाली राबलेला. १९२० साली हिरोशिमात निघालेल्या ज्या कंपनीची सूत्रं त्याच्याकडे पुढच्याच वर्षी आली, ती करत होती बुचं. पहिल्या महायुद्धात परदेशी बूच मिळेनासं झालं, म्हणून जपानी झाडांच्या सालीपासून बूच बनवायचं हा धंदा. युद्ध संपलं, खरं बूच पुन्हा मिळू लागलं, आणि नकली बुचाला कुणी विचारेना. त्यात कारखान्याला आग लागली. बुचाचा कारखाना जळतो तेव्हा मालकाला काय वाटत असेल? जुजिरोला वाटलं, आता यंत्रं करावीत. १९३१ मध्ये त्याची तीनचाकी मालगाडी निघाली, पुढे मोटरसायकल आणि मागे हौदा. आजही आपल्या मंडईबाहेर भल्या पहाटे जे वाहन कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत असतं, त्याची ही लांबची मावशी म्हणायला हरकत नाही.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोचा सत्तरावा वाढदिवस होता. कंपनीच्या आठवणींत सांगतात की त्या सकाळी तो शहरातल्या न्हाव्याकडे लवकर जाऊन आला, आणि उरकून बाहेर पडला म्हणून वाचला. कारखाना स्फोटाच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर, मध्ये हिजियामा नावाची एक बुटकी टेकडी. ती आड आली आणि इमारती उभ्या राहिल्या. शहरात उभं असं फार थोडं उरलं होतं, तेव्हा प्रांताचं सरकारच कारखान्यात राहायला आलं. कारखान्याच्या एका भागात जखमींवर उपचार, दुसऱ्यात सरकारी कचेऱ्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिसऱ्या भागातून पुन्हा तीनचाकी बाहेर पडू लागली. हे वाचताना मी जरा वेळ पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्यानंतर विनोदाकडे वळायला थोडा संकोच होतो. पण गाडीच्या गिऱ्हाइकाला असला संकोच नसतो, आणि असूही नये.

कारण पुढे या कंपनीने जे केलं ते गिऱ्हाइकांच्या नशिबाशी कायमचं जोडलं गेलं. १९६१ मध्ये तिने जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेलच्या रोटरी इंजिनाचे हक्क घेतले. साधं इंजिन हे उखळातल्या मुसळासारखं, दट्ट्या वर जातो, खाली येतो, धाप लागल्यासारखा. रोटरी म्हणजे जातं. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण एका पोकळीत गोल गोल फिरतो, ना ठोके ना धडधड. कल्पना इतकी देखणी, की मोठमोठ्या कंपन्या तिच्या मागे लागल्या आणि बहुतेक सगळ्यांनी शेवटी हात टेकले. अडचण त्रिकोणाच्या तीन टोकांची होती. ही टोकं भिंतीला सतत चिकटून घासत राहायला हवीत, आणि घासता घासता ती आतल्या चकचकीत भिंतीवर बारीक लाटा कोरून ठेवत. तंत्रज्ञ त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली ४७ जण या ओरखड्यांच्या मागे लागले आणि त्यांना नाव पडलं सत्तेचाळीस रोनिन, धन्याच्या अपमानाचा सूड घेणाऱ्या त्या प्रसिद्ध सामुरायांवरून. त्या कथेचा शेवट सामुदायिक हाराकिरीत होतो, हे बारसं करताना कुणाच्या मनात आलं नसावं. यांची कथा मात्र गोड झाली. टोकांना कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या पट्ट्या बसवल्या, ओरखडे गेले, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट नावाची पांढरी, बगळ्यासारखी गाडी रस्त्यावर आली.

सैतान गेला, पण तहान राहिली. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकेत मोजणी झाली तेव्हा रोटरी गाड्या शहरात लिटरला पाच किलोमीटरही जाईनात. आपल्याकडे हा आकडा सांगितला असता तर शेजाऱ्याने गाडीकडे न बघता मालकाकडे बघितलं असतं. कंपनी बुडायला आली, सुमितोमो बँकेने तिला धरून ठेवलं, आणि कारखान्यातले कामगार दुकानांतून गाड्या विकायला पाठवले गेले. हातात पाना धरणारा माणूस दारोदार गाडीची पत्रकं वाटतोय, हे चित्र मला त्या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचं वाटतं. हिरोशिमाच्या लोकांनी आपल्या गावची गाडी घ्या म्हणून चळवळ केली. नेमकं त्याच वर्षी, १९७५ मध्ये, शहराच्या बेसबॉल संघाने, ज्याची मालकी मात्सुदा घराण्याकडे आहे, पहिल्यांदाच लीग जिंकली. दु:खाच्या वर्षी गावाला असं काहीतरी लागतंच.

रोटरीचा हट्ट मात्र सुटला नाही. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मानची चोवीस तासांची शर्यत या इंजिनाने जिंकली. तोवर कोणत्याही जपानी कंपनीला ती जमली नव्हती. शेवटी गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका सुकून गेला की बक्षीस घ्यायला उभाही राहू शकला नाही. इंजिन ठणठणीत, माणूस आडवा. घरी गाडी घेणाऱ्यांच्या बाबतीत पुढे हे उलटं झालं. २००३ साली आलेली आरएक्स-८ घेणाऱ्यांना एक व्रतच घ्यावं लागे. इंजिन रचनेनेच थोडं तेल पितं, कारण टोकांच्या त्या पट्ट्यांना वंगण लागतं. म्हणून पेट्रोल भरताना तेल बघायचं. काजळी साचू नये म्हणून अधूनमधून इंजिनाला मनसोक्त ओरडू द्यायचं. आणि सर्वांत कडक नियम: थंड इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. केलंत तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि गाडी रुसते. म्हणजे पाहुण्यांची गाडी बाहेर काढायला आपली दोन हात मागे घ्यायची असेल, तर तिला आधी गावभर हिंडवून गरम करून आणायची. तोवर पाहुण्यांनी आणखी एक चहा घ्यायचा. व्रत मोडलं तर इंजिनातला दाब उतरायचा, आणि काहींचा न मोडताही उतरला. अखेर कंपनीने अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांच्या इंजिनाची हमी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली. त्याआधी २००१ मध्ये तिच्याच मिआटा या चिमुकल्या गाडीची शक्ती जाहिरातीत १५५ अश्वशक्ती सांगितली होती, ती निघाली १४२. कंपनी गाडी परत घेऊन पैसे द्यायला तयार झाली. पण ज्याने त्या गाडीत बसून डोंगरातलं एखादं वळण घेतलं असेल, तो तेरा घोड्यांसाठी उरलेले १४२ परत करील का, मला शंका आहे.

गाडीची तक्रार ही मुळातच एकाकी गोष्ट आहे. माझ्याही गाडीला मध्यंतरी एक आवाज होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांचं सारखंच. घरापासून वर्कशॉपच्या फाटकापर्यंत तो आवाज नेमाने यायचा, आणि सल्लागार शेजारी येऊन बसला की गाडी एकदम शालीन व्हायची. तो मायेने म्हणायचा, “सर, या मॉडेलला एवढा आवाज नॉर्मल आहे.” कोणता आवाज, हे त्याने ऐकलेलंच नसायचं. परतीच्या वाटेवर पहिल्याच चौकात आवाज हजर. त्या चौकात कळतं की आपल्याला दुरुस्ती थोडीच हवी होती. कुणीतरी “हो, येतोय खरा,” म्हणायला हवं होतं.

या बाबतीत माझदावाल्यांची परीक्षा जरा जास्तच झाली. ‘नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ नावाचा एक लोकप्रिय पॉडकास्ट आहे. २०१६ च्या एका माझदात तो लावला की गाडीची सगळी ध्वनियंत्रणा कोलमडायची. दुसरं काहीही लावा, सुरळीत. शोध घेतल्यावर कळलं की नावातलं टक्क्याचं चिन्ह गाडीच्या संगणकाला आज्ञा वाटत होतं, आणि आज्ञा कळली नाही की तो बिचारा कोसळत होता. वर्कशॉपमध्ये जाऊन हे सांगायचं धैर्य कुठून आणायचं? आणि जानेवारी २०२२ मध्ये सिॲटलात तर, जिथे आज पुष्कळ मराठी घरंही आहेत, २०१४ ते २०१७ च्या माझदांचे रेडिओ एका सार्वजनिक केंद्रावर, ९४.९ वर, अडकून बसले. केंद्राने आवाजासोबत पाठवलेल्या चित्रांच्या फायलींना शेपटी नव्हती, कोणत्या प्रकारची फाइल हे सांगणारी. गाडीने ती गिळली आणि तिची दातखीळ बसली. नकाशा बंद, फोन बंद, मागचा कॅमेरा बंद. बातम्या आणि चर्चा मात्र अखंड. नवा भाग पंधराशे डॉलरला असं काहींना सांगितलं गेलं. नंतर कंपनीने तो फुकट द्यायचं कबूल केलं. ज्या गाडीला अणुबॉम्बने संपलेल्या शहरातून पुन्हा उठता आलं, ती एका बिनशेपटीच्या चित्राने गप्प झाली. पण सिॲटलातल्या माणसाने हिरोशिमा आठवून तक्रार मागे घ्यावी का? त्याने इतिहास विकत घेतलेला नाही. त्याला रेडिओवरचं स्टेशन बदलायचं आहे.

आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली. अकरा वर्षांनी, २०२३ मध्ये, कंपनीने एमएक्स-३० या विजेच्या गाडीत रोटरी इंजिन परत आणलं. पण तिथे ते चाकांना हात लावत नाही. कोपऱ्यात बसून फिरतं आणि बॅटरीला वीज पुरवतं, एवढंच. व्रत धरून बसलेल्या जुन्या मालकांना हे पुरेसं वाटणार नाही. ते कुरकुर करतील, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे.