दाजींची असई

यंदा दिवाळीला ताईकडे नॉटिंगहॅमला निघालो तेव्हा बॅगेत चकलीची भाजणी, मेतकूट, उटणं आणि काथ्याची तीन पायपुसणी होती. पायपुसणी दाजींनी मागवली होती. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली आणि मिठीतूनच, माझ्या खांद्यावरून बॅगेकडे बघत विचारलं, "काथ्या किती उंच आहे रे?"

तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन पायपुसण्यांचे कात्रीने वेडेवाकडे तुकडे झाले, त्यांवर पिवळट हिरवा रंग चढला आणि ताईच्या वरच्या खोलीत ज्वारी उभी राहिली. तिसरं पायपुसणं ताईने उचलून दाराशी टाकलं. दाजी त्यावर पाय पुसत नाहीत. ओलांडून येतात. उभ्या पिकातून कोण चालतं?

दाजी दिवसा एका विमा कंपनीत संगणकाचं काम बघतात. रात्री नऊनंतर ते दौलतराव शिंदे असतात. सहा फूट बाय चार फुटांच्या मेजावर निळ्या फोमचे डोंगर, रेझिनच्या नद्या आणि 28 मिलिमीटर उंचीचे शिपाई मांडायचे, आणि मग फासे टाकत, टेपने इंच मोजत जुनी लढाई पुन्हा लढायची, असा हा खेळ. शिपाई बिनरंगाचे येतात. ते आपणच रंगवायचे, आणि शपथेवर सांगावं इतके अचूक रंगवायचे. विलायतेत या छंदाची माणसं गावोगाव आहेत, पण नॉटिंगहॅम म्हणजे त्यांचं पेण. हे पुतळे घडवणाऱ्या आणि ओतणाऱ्या इतक्या कंपन्या या भागात आहेत की छंदवाले त्याला 'लेड बेल्ट' म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा. "तुला इथे नोकरी मिळाली की तू नोकरी इथे शोधलीस?" असं मी एकदा चुकून दाजींना विचारलं होतं. एकेरीतच विचारून गेलो. त्यांना एकेरी लागलं नाही, प्रश्न लागला.

ही जमात ओळखायला अवघड नाही. कॉफीच्या दुकानात लाकडी काड्यांपैकी एक काडी ढवळायला घेणार आणि अकरा खिशात. त्यांची कुंपणं होतात. फिरायला गेले की सूर्यास्ताकडे पाठ आणि नजर जमिनीवर, कारण झाडाच्या सालीत कडा दिसतो. चहाचा चोथा फेकून देणारा माणूस त्यांना उधळ्या वाटतो. वाळवला की तो पानगळ होतो. मेजावर रंगाच्या पाण्याचा पेला आणि चहाचा कप शेजारी शेजारी असतात, आणि कुंचला कशात बुडाला आणि घोट कशाचा घेतला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दाजींची जीभ कायम थोडी निळसर असते. कुंचल्याला टोक आणायचं तर जिभेवर फिरवण्यावाचून उपाय नाही, असं त्यांचं म्हणणं. इतर सगळं झालं की शेवटी डोळे. तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. पेणच्या गणपतीची आखणी करणारा कारागीर श्वास धरतो तसा दाजी श्वास धरतात, फरक इतकाच की इथे डोळा मोहरीएवढाही नसतो आणि दचकल्यासारखा दिसतो. त्यांचं अख्खं सैन्य आश्चर्यचकित होऊनच लढाईला जातं.

या सगळ्यांचा कुलपुरुष विचाराल तर दाजी सायबर्नचं नाव घेतात. विल्यम सायबर्न हा ब्रिटिश लेफ्टनंट. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करायची म्हणून तो तिथल्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने राहिला, जमीन इंच इंच मोजली, आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं की तुमची तुकडी कुठे होती आणि तिथल्या शेतात पीक काय होतं? माणूस तोफेच्या तोंडी उभा होता, आणि याला पीकपाणी हवं! पण ते लोकही तसेच, उत्तरं पाठवली. सत्तर हजारांहून अधिक इवले शिपाई मांडलेली ती प्रतिकृती 1838 मध्ये लंडनमध्ये लोकांनी पैसे देऊन बघितली. आजही चेल्सीच्या लष्करी संग्रहालयात आहे. सायबर्न मात्र त्यापायी कर्जात बुडाला. गोष्टीचा हा भाग दाजी ताईसमोर सांगत नाहीत.

तर बटण, बक्कल, पीक, चिखल, सगळं इतिहासाला धरून. आणि मग रविवारी सकाळी हेच लोक कशासाठी जमतात? तर तोच इतिहास उलटा करायला. नेपोलियनच्या पलटणीची कॉलर चुकली तर दाजी रात्रभर झोपत नाहीत, पण नेपोलियन वॉटर्लू जिंकला तर त्यांना गाढ झोप लागते. दाजींना असई जिंकायची आहे. 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला तिथे हरवलं. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने फौज पाण्यात घातली. उतार होता, आणि त्यावर आपलं कोणी नव्हतं. दाजींच्या मते मराठी राज्य त्या उताराने वाहून गेलं. गेली सहा वर्षं ते तिथे पहारा ठेवतायत.

यात माझाही एक अपराध आहे. गेल्या मे महिन्यात दाजींचा फोन आला. "पुण्यात आहेस ना? मग भारत इतिहास संशोधक मंडळात जा आणि पोलमनच्या कवायती पलटणींचे फेटे कुठल्या रंगाचे होते, ते विचारून ये." पोलमन हा हॅनोव्हरचा माणूस, शिंद्यांचं कवायती पायदळ त्याच्या हाताखाली होतं. मी निघालो. पण मे महिना, दुपारची वेळ, सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा नाही. दोन फेऱ्या मारल्या, उसाचा रस प्यालो आणि घरी आलो. चार दिवस थांबून, आवाजात धूळभरल्या दप्तरांचा गांभीर्यभाव आणून फोनवर सांगितलं, "लाल."

आता वरच्या खोलीत कपाट उघडून दाजींनी मला त्या पलटणी दाखवल्या. पाच पलटणी, प्रत्येकीत चोवीस, एकशे वीस फेटे. घडीच्या खोबणीत काळपट लाल, वर मधला लाल, कडेला उजळ लाल. "पुण्याहून खात्री करून घेतलीय, असं क्लबात ठणकावून सांगितलं," दाजी म्हणाले. "एक म्हातारा हिरवा म्हणत होता. गप्प बसला." मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं, त्याला किंचित रंगाचा वास होता.

पलीकडच्या कप्प्यात पेशव्यांचे स्वार होते. असईच्या मोहिमेत पेशव्यांचं घोडदळ इंग्रजांच्या बाजूने होतं, तेव्हा सच्चेपणासाठी तेही रंगवावे लागले. पण सगळे घोडे एकाच तपकिरी रंगाचे आणि स्वारांना डोळेच नाहीत. "वेळ मिळाला नाही," दाजी म्हणाले.

रविवारी मी क्लबात गेलो. चर्चचं सभागृह, बिस्किटांचा डबा, पन्नाशी-साठीचे वीसेक गृहस्थ. वेलस्ली एक निवृत्त मास्तर होते, हिरव्या फेट्याचे पुरस्कर्ते तेच. दाजींनी उतारावर निवडक घोडदळ ठेवलं, मागे दोन पलटणी, बाजूला तोफा. चिमणीची उतरायची टाप नाही. पण मास्तरांनीही तोच इतिहास वाचलेला! ते उताराकडे गेलेच नाहीत, सरळ समोरून आले. दोन तास उतारावर चिटपाखरू फिरकलं नाही आणि दाजींचे उत्तम स्वार पाण्याकडे बघत उभे राहिले.

नवी रंगवलेली पलटण पहिल्याच लढाईत पळते, हे या जमातीत गुरुत्वाकर्षणाइतकं सर्वमान्य आहे. दाजींनी फासा टाकला. एक. लाल फेट्यांची पहिली पलटण मागे फिरली. दुसरीसाठी टाकला. पुन्हा एक. तोफखाना मात्र हलला नाही. खऱ्या असईतही हलला नव्हता. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून त्यांच्यावर तोफा डागू लागले. वेलस्लीचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले ते उगीच नव्हेत. मास्तरांनी शेवटचा गोलंदाज मेजावरून उचलला तो दोन बोटांत, हलकेच, आणि खोक्यात न टाकता दाजींच्या हातावर ठेवला. दोघं काही बोलले नाहीत. मग मास्तर म्हणाले की फेटे छान झालेत, पण हिरवे होते.

परतताना गाडीत दाजी गप्प होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "लालच ना रे? नक्की?"

"सिग्नल?" मी म्हणालो.

घरी आलो तर मागच्या अंगणात आठ वर्षांच्या भाचीने किल्ला केला होता. बुटांच्या खोक्यांवर जुना टॉवेल, त्यावर चिखल, चिखलात अळीव. पुण्याच्या वाड्यात दाजी लहानपणी करायचे तसाच, ज्यात मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ मावळ्यापेक्षा थोर आणि पायथ्याशी प्लॅस्टिकची जीप असायची. महाराज मी पुण्याहून आणले होते, ते वर बसले. मावळे प्रवासात फुटले. म्हणून महादरवाजावर पहाऱ्याला तिने डायनासोर ठेवला होता.

दाजी किल्ल्यापुढे बराच वेळ उकिडवे बसले. दरवाजाची उंची वितीने मोजली, डायनासोरची मोजली, तोंड उघडलं, आणि मिटलं. "बाबा, चुकलंय का काही?" भाचीने विचारलं. "बघतो," म्हणून ते वर निघून गेले. रात्री दोनला मी उठलो तेव्हा खोलीत दिवा होता.

सकाळी अभ्यंगस्नान आटोपून अंगणात गेलो. डायनासोर जागेवर होता. पायाखाली गोल पाट आला होता, त्यावर गवत, दोन खडे, थोडी पानगळ. पाठीवरचा एकेक खवला उजळलेला, डोळे दचकलेले. आणि डोक्यावर तीन छटांचा फेटा. लाल.